तीन छत्तीसचा संदेश

आमच्या खोलीत तिला सगळे दोनदाताई म्हणायचे. तोंडावर नुसतं ताई, पाठीमागे दोनदाताई. फोनवर कुणी काही सांगितलं की ती म्हणायची, "आता परत एकदा सांगा, मी लिहून घेतेय." नव्या माणसाला राग यायचा. धावपट्टीवरच्या वाऱ्याचा आकडा असो की कॅन्टीनमधून किती चहा मागवायचे हा प्रश्न असो, दोन्ही वेळा सारखंच उत्तर आलं की मगच तिची मान हलायची. तिचे यजमान शाळेत चित्रकला शिकवायचे, त्यांना मी भाऊजी म्हणतो. ते एकदा म्हणाले, "अरे, मी हिला लग्नाचं विचारलं तेव्हासुद्धा हिने परत विचारायला लावलं. दुसऱ्यांदा माझा आवाजच फुटेना."

मी तिच्या शेजारच्या टेबलावर नऊ वर्षं बसलो. जे घडलं त्याला आता सहा वर्षं होतील. तिच्याबद्दल लोक दोन वाक्यांत बोलून मोकळे होतात, म्हणून हे सविस्तर सांगतोय. शिवाय यात माझाही वाटा आहे, तो पुढे येईलच.

ती विमान कंपनीत डिस्पॅचर होती. डिस्पॅचर म्हटलं की लोकांना वाटतं, गठ्ठे आणि खोकी पाठवणारा माणूस. तसं नाही. विमान कुठल्या वाटेने जाणार, किती इंधन घेणार, जिथे उतरायचं तिथे उतरता आलं नाही तर दुसरीकडे कुठे जाणार, हे उड्डाणाच्या आधी जमिनीवर बसून ठरवतो तो डिस्पॅचर. त्या कागदावर दोन सह्या लागतात, एक त्याची आणि एक कप्तानाची. आणि विमान सुटलं म्हणजे काम संपलं असंही नाही. ते चाकं टेकेपर्यंत त्याच्यावर नजर ठेवायची, खाली काही बदललं तर वर कळवायचं. ताईने हे लायसन्स सव्विसाव्या वर्षी काढलं. वर्गात ती एकटीच मुलगी होती.

आधी आमची खोली विमानतळावरच होती, तळमजल्यावर, सामानाच्या पट्ट्यांच्या मागे. खिडकी नाही, भिंतीला ओल, आणि मधोमध एक काउंटर. वैमानिकांच्या कोपरांनी त्या काउंटरची कड घासून गुळगुळीत झाली होती. उड्डाणाच्या तासभर आधी ते यायचे, नकाशावर वाकायचे, ताईशी इंधनावरून घासाघीस करायचे. त्यात थोरले कप्तान म्हणून एक होते. उंच, वाळलेले, टोपी काखेत आणि चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"बाई, दोनशे किलो वाढवा. डोंगरावर ढग बसणार आज."

"ढगांचा अंदाज मी पाहिलाय. शंभर देते."

"तुम्ही इंधन असं मोजता, जसं काही मी ते घरी घेऊन जाणार आहे."

"घरी नेलंत तर चालेल. वर जाळून याल त्याचं दुःख आहे."

मग दीडशेवर तडजोड व्हायची. ते सही करताना तिच्या तोंडाकडे पाहायचे. ती निर्धास्त दिसली तर निघायचे. कपाळाला आठी दिसली तर पेन खाली ठेवून विचारायचे, "बोला. काय लपवताय?" आणि खरंच काहीतरी निघायचं. वाऱ्याचा एखादा आकडा, जो नियमात बसत होता पण तिच्या मनात बसत नव्हता.

मग कंपनीने आम्हाला शहरात हलवलं. सातवा मजला, काचेच्या भिंती, पायाखाली गालिचा. विमानतळ आठ किलोमीटर लांब, विमानाचा आवाजसुद्धा ऐकू यायचा नाही. वैमानिकांना सगळे कागद टॅबलेटवर मिळू लागले, सही बोटाने. शेवटच्या दिवशी थोरले कप्तान काउंटरवर हात टेकून उभे राहिले. "आता तुमचं तोंड दिसायचं नाही, बाई."

"आवाज येईल की."

"आवाजाला आठ्या पडत नाहीत हो," ते म्हणाले आणि टोपी घालून गेले. त्यानंतर चार वर्षं ती दोघं आठवड्यातून तीनदा एकमेकांशी बोलली, पण एकदाही भेटली नाहीत.

वर संदेश पाठवायची सोय विमानात होतीच. खाली टंकायचं, वर वैमानिकासमोरच्या छोट्या पडद्यावर उमटायचं, एक दिवा लागायचा आणि एकदा घंटी वाजायची. सुरुवातीला ती सोय फक्त डिस्पॅचरकडे होती. सातव्या मजल्यावर आल्यावर ती सगळ्यांना मिळाली. माझं काम वजनाचं आणि प्रवाशांच्या सोयीचं. कुठल्या प्रवाशाला चाकाची खुर्ची लागणार, क्रूचं हॉटेल कुठलं, हे मी पाठवायचो. ड्युटी लावणारे ड्युटी पाठवायचे, दुरुस्तीवाले त्यांच्या सूचना पाठवायचे. सगळ्यांना तोच दिवा आणि तीच घंटी.

एक दिवस थोरल्या कप्तानांचा फोन आला. ताईने स्पीकर लावला होता. "बाई, काल उतरताना मला चौदा संदेश आले. त्यातला तुमचा एक. बाकी कुणाची खुर्ची, कुणाची रजा, आणि एक तर चक्क कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा. हात चाकावर ठेवू की तुमचं टपाल उघडू?"

"बरोबर आहे तुमचं. मी वर कळवते."

"वर म्हणजे कुठे? वर तर मीच असतो."

आम्ही सगळे हसलो. ताई हसली नाही. तिने त्याच दुपारी साहेबांना दोन पानी पत्र लिहिलं. डिस्पॅचरच्या संदेशाला वेगळी घंटी द्यावी, आणि वैमानिकाने स्वतः बटण दाबल्याशिवाय तो वाचला असं धरू नये, एवढीच मागणी. साहेब, म्हणजे आमच्या खोलीचे प्रमुख, सज्जन माणूस, कुणाला नाही म्हणायचे नाहीत. ते म्हणाले, "मुद्दा चांगला आहे, मॅडम. पुढच्या वर्षीच्या यादीत घालू." आणि घातलाही. यादी मी पाहिली आहे, त्यात तो एकोणिसावा होता.

याच सुमाराला दुसरी एक गोष्ट झाली. विमानाशी थेट बोलता आलं नाही तर आम्ही हवाई नियंत्रण कक्षाला फोन करून निरोप द्यायचो. नियंत्रकाचं तिथल्या सगळ्या विमानांशी बोलणं चालूच असतं. एका महिन्यात ताईने दोनदा "तातडीचं आहे" म्हणून निरोप दिला आणि दोन्ही वेळा वादळ विरून गेलं. नियंत्रण कक्षाने तक्रार केली की ही कंपनी ऊठसूट तातडी लावते. साहेबांनी ताईला मेमो दिला, दोन ओळींचा. "सदर शब्दाचा वापर जपून करावा." चोवीस वर्षांच्या नोकरीत तिला मिळालेला तो पहिला मेमो. तिने तो घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवला. आठवडाभर खोलीत तिचा आवाज खाली गेला होता.

जे घडलं त्या दिवशी एक सहकारी रजेवर होता, त्यामुळे ताईकडे एकदम सतरा विमानं होती. एरवी नऊ असायची. थोरल्या कप्तानांचं विमान, पंख्यांचं, लहान, दोन वाजून दहा मिनिटांनी डोंगरावरच्या गावाकडे निघालं. क्रू धरून बावन्न माणसं. तीन सत्तावीसला त्यांनी उतरायचा प्रयत्न केला. ढग धावपट्टीवर टेकले होते, काही दिसेना, ते परत वर गेले आणि घिरट्या घालत ढग उठायची वाट पाहू लागले. यात काही विशेष नाही, असं होतं. उतरता आलंच नाही तर डोंगरापलीकडे पर्यायी विमानतळ होता, वीस मिनिटांवर. तेवढं इंधन ताईने दिलेलं होतं.

तीन एकोणतीसला मी त्या विमानाला एक संदेश पाठवला. क्रूच्या नेहमीच्या हॉटेलात पाण्याचा मोठा पाइप फुटला होता, म्हणून दुसरं हॉटेल ठरवलं होतं. मी नाव, पत्ता आणि गाडीवाल्याचा नंबर टाकला. ते विमान घिरट्या घालतंय हे मला माहीत नव्हतं. मान वळवून विचारलं असतं तर कळलं असतं.

तीन चौतीसला ताईचा फोन वाजला. पर्यायी विमानतळावर दुसऱ्या कंपनीच्या मालवाहू विमानाचा टायर फुटला होता आणि ते धावपट्टीच्या मधोमध आडवं अडकलं होतं. दोन तास तरी धावपट्टी बंद. ताईने ते दोनदा वदवून घेतलं. मग कागदावर आकडे मांडले. तिसरा एक विमानतळ होता, सपाटीवर, लांब. तीन बेचाळीसच्या आत निघाले तर तिथे पोचतील.

तीन छत्तीसला तिने टंकलं. ते शब्द पुढे इतक्यांदा वाचले गेले की मला पाठ आहेत. "पर्यायी धावपट्टी बंद. दोन तास उघडणार नाही. ३.४२ पूर्वी सपाटीकडे निघा. उत्तर द्या."

पडद्यावर हिरव्या अक्षरात उमटलं: पोच.

उत्तर आलं नाही. एक मिनिट गेलं. तिने कंपनीच्या रेडिओवर हाक मारली, पण डोंगराआड आमचा रेडिओ लागत नसे, नुसती खरखर. तीन एकोणचाळीसला तिने नियंत्रण कक्षाला फोन लावला.

"माझ्याकडे आत्ता सात विमानं आहेत," नियंत्रक म्हणाला. स्पीकर चालू होता. "तातडीचं आहे का?"

मी तिच्याकडे पाहत होतो. तिचे ओठ त्या शब्दासाठी उघडले आणि मिटले. डोळे पडद्यावरच्या हिरव्या अक्षरांकडे गेले. "नाही, म्हणजे... जमेल तितक्या लवकर सांगा. पर्यायी विमानतळ बंद आहे एवढंच. आमचा संदेश त्यांना पोचलाय, फक्त खात्री हवी."

"बरं, सांगतो."

फोन ठेवला गेला. त्याने काय ऐकलं ते परत म्हणून दाखवा, असं ती म्हणाली नाही. मला तेव्हाच ते खटकलं. पण तिचे दुसरे दोन फोन वाजत होते आणि माझाही एक.

नियंत्रकाच्या दृष्टीने एका विमानाला आधीच ठाऊक असलेली गोष्ट परत सांगायची होती. तो त्याच्या सात विमानांत गुंतला. दरम्यान थोरल्या कप्तानांनी दुसऱ्यांदा उतरायचा प्रयत्न केला. पाठीशी पर्यायी विमानतळ आहे या भरवशावर त्यांना ते परवडत होतं. तोही फसला. तीन एक्कावन्नला त्यांनी पर्यायी विमानतळाकडे जायची परवानगी मागितली आणि तेव्हा नियंत्रकाने सांगितलं की तो बंद आहे.

दोन मिनिटांनी आमचा फोन वाजला. नियंत्रकाचा आवाज बदललेला होता. "अहो, तुमच्या विमानाला हे माहीतच नव्हतं."

ताई उभी राहिली. उभ्यानेच तिने पुन्हा आकडे मांडले. मग दुसऱ्या कागदावर. मग माझ्या टेबलावरचा कागद ओढून त्यावर. "सहा मिनिटांचं इंधन कमी पडतंय," ती मला म्हणाली. मी काहीतरी सुचवावं अशा नजरेने तिने पाहिलं. विमान सपाटीकडे निघालं होतं. आमच्या पडद्यावर त्याचा ठिपका सरकत होता. चार वाजून चौदा मिनिटांनी ठिपका थांबला. विमानतळ अजून अकरा किलोमीटर पुढे होता.

ते कालव्याच्या कडेला शेतात उतरलं. उतरलं म्हणायचं. इंधन संपून पंखे थांबल्यावरही कप्तानांनी ते घसरत आणलं, म्हणून अडतीस माणसं वाचली, असं नंतर जाणकार म्हणाले. चौदा गेली. थोरले कप्तान, त्यांच्या शेजारचा सहवैमानिक, आणि बारा प्रवासी.

ताईने स्वतःच्या हाताने सगळ्या वेळा नोंदवहीत लिहिल्या, सही केली, वही साहेबांच्या हातात दिली. भाऊजी तिला न्यायला आले तेव्हा ती अनवाणीच लिफ्टकडे निघाली होती. चपला टेबलाखाली राहिल्या होत्या. मी त्या धावत नेऊन दिल्या. भाऊजींनी वाकून तिच्या पायात घातल्या, आणि तिने लहान मुलासारखा एक एक पाय उचलला.

चौकशी समिती बसली. आमच्या साक्षी व्हायच्या आदल्या आठवड्यात कंपनीच्या वकिलाने ताईला आणि मला बोलावलं. साहेबही होते. टेबलावर पाण्याच्या बाटल्या आणि आमच्या पडद्याचं छापील चित्र, त्यावर 'पोच' या शब्दाभोवती पिवळा रंग.

"तुम्ही वेळेत संदेश पाठवलात आणि पोच आली," वकील म्हणाले. "म्हणजे कप्तानांना कळलं होतं, तरी त्यांनी दुसरा प्रयत्न केला. एवढंच सांगायचं. यात खोटं एक अक्षर नाही."

"ही पोच यंत्राची आहे," ताई म्हणाली. "संदेश विमानात गेला एवढाच तिचा अर्थ. माणसाने वाचला असा नाही. आमच्यात हे सगळ्यांना माहीत आहे."

"समितीला माहीत नाही. विचारलं तर बघू. आणि वैमानिकांचं बोलणं टिपणारी आवाजाची पेटी पार जळलीय, त्यातून काही निघेल असं वाटत नाही."

साहेब इतका वेळ बाटलीचं झाकण फिरवत होते. ते हळूच म्हणाले, "मॅडम, गेलेल्या माणसाचं आता काय जाणार आहे? तुमचं लायसन्स राहील. आपल्या सगळ्यांच्या नोकऱ्या राहतील."

ताईने पर्समधून पेन काढलं. "साहेब, हे परत एकदा सांगा. मी लिहून घेते."

साहेबांनी परत सांगितलं नाही. झाकण त्यांच्या हातातून खाली पडलं आणि ते उचलायला वाकले, ते बराच वेळ वर आलेच नाहीत.

मग वकील माझ्याकडे वळले. "तुम्ही शेजारी होता. तुम्हाला काय दिसलं?"

"पोच आलेली दिसली," मी म्हणालो.

"छान. तेवढंच."

समितीसमोर ताई पावणेदोन तास बोलली. अध्यक्ष निवृत्त वैमानिक होते, कमी बोलणारे. पोच म्हणजे काय, ते तिने आपणहून सांगितलं. नियंत्रकाने तातडीचं आहे का विचारलं तेव्हा आपण नाही म्हणालो, हेही सांगितलं.

"का नाही म्हणालात?" अध्यक्षांनी विचारलं.

"भीती वाटली."

"कशाची?"

"परत मेमो मिळेल याची."

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. ताईने ड्रॉवरमधला तो मेमो आणला होता, तो पुढे केला, आणि म्हणाली, "हे कारण म्हणून देत नाहीये. तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं."

माझी साक्ष बारा मिनिटांत संपली. त्या वेळात आणखी काही संदेश गेले होते का, असं मला विचारलं. "नेहमीचे कामकाजाचे," मी म्हणालो. हेही खोटं नव्हतं.

अडीच महिन्यांनी जळलेल्या पेटीतून आवाज निघाला. तो ऐकवायच्या दिवशी आम्हाला परत बोलावलं होतं. पहिल्या रांगेत थोरल्या कप्तानांच्या पत्नी बसल्या होत्या, मांडीवर पर्स घट्ट धरून. यंत्रातून पंख्यांची घरघर आली, मग घंटी, मग सहवैमानिकाचा कोवळा आवाज: "कंपनीचा संदेश आलाय. बघू का?" आणि थोरले कप्तान, अगदी काउंटरवर बोलायचे तसे: "मगाशी हॉटेलचं आलं होतं ना, तेच असेल पुढचं. राहू दे. आधी हे उतरवू."

मी जमिनीकडे पाहिलं. माझ्या उजव्या बुटाची नाडी सुटली होती. ताई माझ्या शेजारी होती. तिने मान वळवली नाही.

त्यानंतर आठ दिवसांनी कप्तानांच्या पत्नी ताईच्या घरी गेल्या. मला हे भाऊजींनी सांगितलं. सकाळची वेळ, भाऊजी शाळेत जायच्या तयारीत होते. त्या आत येऊन बसल्या, पाणी नको म्हणाल्या.

"ते घरी तुमचं नाव काढायचे," त्या म्हणाल्या. "म्हणायचे, त्या बाई खाली असल्या की मला झोप लागते."

ताई समोरच्या खुर्चीच्या कडेला बसली.

"तुम्ही खरं सांगितलंत म्हणून त्यांच्यावर सगळं आलं नाही, हे मला कळतं. वकील मला भेटला होता, त्याने काय सांगायचं ठरवलं होतं तेही कळलं. आभार मानायला आले होते मी. वाटेत येताना तेच घोकत होते." मग त्यांचा आवाज चढला. "पण एक शब्द होता हो! एवढासा शब्द. तो तुम्ही का नाही बोललात?"

ताईने हात जोडले. त्या उठल्या आणि गेल्या. भाऊजी म्हणाले, हात जोडलेलेच राहिले, मी सोडवले.

अहवाल आला. कप्तानांनी संदेश वाचला नाही, डिस्पॅचरने तातडी सांगितली नाही आणि पाठपुरावा केला नाही, कंपनीने महत्त्वाचे आणि किरकोळ संदेश एकाच वाटेने पाठवले. कंपनीला सूचना मिळाल्या. नियंत्रकाची बदली झाली. ताईचं लायसन्स दोन वर्षांसाठी रद्द झालं आणि कंपनीने तिला त्याच दिवशी घरी पाठवलं. माझा संदेश अहवालात एका ओळीत होता, 'एक प्रशासकीय संदेश'. कुणी पाठवला, त्याचा उल्लेख नव्हता. मला पुढच्या वर्षी बढती मिळाली.

मला तिच्या घरी जायला चौदा महिने लागले. तिने दार उघडलं, "ये" म्हणाली, चहा टाकला. केस बरेच पांढरे झाले होते. मी कप हातात धरून म्हणालो, "ताई, तो हॉटेलचा संदेश मी पाठवला होता."

"माहीत आहे. संदेशाच्या खाली कोपऱ्यात तुझा नंबर होता."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"माझ्याबद्दल विचारत होते, माझं सांगितलं." तिने साखरेचा डबा बंद केला. "तुझ्याबद्दल तुला विचारलं होतं."

मी रडलो. तिने रडू दिलं, समजूत काढली नाही. निघताना म्हणाली, "माझ्याकडे येऊन काय उपयोग, अरे. लिही त्यांना."

मी समितीला पत्र लिहिलं. सहा आठवड्यांनी उत्तर आलं की काम पूर्ण झालं असून फाईल बंद करण्यात आली आहे. ते पत्र घेऊन मी थोरल्या कप्तानांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नीने दारातच सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं त्या ओरडतील. त्यांनी विचारलं, "कुठलं हॉटेल होतं?"

मी नाव सांगितलं. बस अड्ड्याजवळचं.

"तिथे आवाज फार असतो," त्या म्हणाल्या. "त्यांना झोप लागली नसती." आणि दार लोटून घेतलं.

दोन वर्षं संपल्यावर ताईला लायसन्स परत मिळू शकत होतं. तिने अर्ज केला नाही. आता ती भाऊजींच्याच शाळेत कचेरीत बसते, मुलांचे दाखले लिहिते. उजव्या कानात सतत काहीतरी वाजतं म्हणते. दोन डॉक्टर झाले, त्यांना काही सापडलं नाही. भाऊजी सांगतात, दुपारी घरी आली की भिंतीकडे तोंड करून पडते, झोपत नाही.

गेल्या महिन्यात मी शाळेत जाऊन तिला भेटलो. कंपनीने अखेर नवी यंत्रणा बसवली होती आणि ती तिच्या दोन पानांप्रमाणेच होती, हे तिला सांगावंसं वाटलं. डिस्पॅचरचा संदेश आला की पडदा लाल होतो, घंटी वेगळी वाजते, वैमानिकाने बटण दाबल्याशिवाय पोच दिसत नाही. ती पेन खाली ठेवून ऐकत होती.

"आणि त्याने बटण दाबलं नाही तर?"

"दर मिनिटाला परत वाजतं."

"तरी नाही दाबलं तर?"

"मग नियंत्रण कक्षाला फोन करायचा, ताई."

"हं," ती म्हणाली. खिडकीशी एक बाई मुलाचा दाखला न्यायला उभी होती. ताईने तिला मुलाची जन्मतारीख एकदाच विचारली आणि लिहायला घेतलं.